दाजींची बायपास

दाजी धुरी ज्या घरी जेवून उठत, त्या घरातल्या बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं. वाढवून सांगत नाही. मी दोन-चार घरांत स्वतः पाहिलंय, आणि एकदा आमच्याच घरात. बरं, पानात काही टाकायचे म्हणाल तर तसंही नाही. भात पुन्हा पुन्हा मागून घ्यायचे, कढी वाटीनं प्यायचे, माशाचा काटा असा चोखायचे की मांजरानं त्याच्याकडे बघून मान फिरवावी. सगळं आटपलं, हात धुतले, की मिशीवरून रुमाल फिरवत म्हणायचे, "बरा. भूक आसली की मनीस काय्येव खाता."

कसालात त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये फक्त एक कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. मी तिथल्याच हायस्कुलात शिकवायची, म्हणून ते मला टीचर म्हणायचे; पण असे, की जणू तो माझा एखादा आजार असावा. शेजारधर्म दोन्हीकडून चालायचा. चतुर्थीला त्यांच्याकडून मोदक यायचे, नाताळात आमच्याकडून नेवऱ्या आणि नारळ-गुळाचा दोदोल जायचा. पहिल्याच वर्षी रिकामी बशी परत करायला दाजी स्वतः आले. म्हणाले, "टीचर, दोदोल झ्याक. सायकलीच्या ट्यूबीक पंक्चर पडला तर लावन बघा." पुढच्या नाताळात मी दोदोल धाडलाच नाही, तर गडग्यापाशी येऊन विचारतात, "ह्या वर्षी काय झाला? नारळ म्हाग झाले?"

पंचायत समितीत ते बांधकामाकडे ओव्हरसियर होते. दुसऱ्यानं केलेल्या कामाकडे भुवई वर करून बघायचं, हीच नोकरी. पाहणीला गेले की कंत्राटदार कोंबडी-वड्यांचं जेवण ठेवायचा. दाजी दुपारभर जेवायचे, मग पाच मिनिटं रस्त्याखालच्या मोरीकडे बघायचे. मोरी पास व्हायची, वडे नापास व्हायचे. त्यातल्या काही मोऱ्या पुढच्या पावसाळ्यात वाहून गेल्या. वड्यांबद्दलची त्यांची तक्रार मात्र निवृत्तीनंतरही टिकून होती.

त्यांची बायको सुमतीवयनी. माहेर शिरोड्याचं, त्यामुळे मासे तिच्या हाताला लहानपणापासून माहीत. तिच्या बांगड्याच्या तिखल्याचा वास गडग्यावरून आला की मी पेपर तपासायचं थांबवायची. संसार सुरू झाल्यापासून त्या बाईनं त्या माणसासाठी रोज दोन वेळा रांधलं, तो जेवेपर्यंत वाढत उभी राहिली, आणि नंतर चुलीजवळ बसून उरलेलं खाल्लं. तिला शाबासकीची आशा नव्हती. नवरा गप्प बसला असता तरी तिला पुरलं असतं. पण गप्प बसणं दाजींच्या कोष्टकात नव्हतं. पाहुण्यांसमोर म्हणायचे, "शिरोड्याच्या माणसांका दर्याचा पाणी नि कढी सारखीच." पाहुणे हसायचे. वयनी पण हसायची. ते हसू बघवत नसे.

निवृत्त झाल्यावर तर दाजींना खाण्याखेरीज उद्योगच उरला नाही. अंग वाढत गेलं. पडवीतली खुर्ची मोडली, दुसरी आली, ती पण वाकली. साखर इतकी की सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती महिनोन्‌महिने सुकेना. आडवं झालं की घशात आंबट पाणी यायचं, म्हणून रात्रभर खुर्चीत बसून झोपायचे. बुटाची नाडी बांधायला वाकता येईना, ती वयनी बांधायची. तिचे स्वतःचे गुडघे गेलेले. ती हळूहळू खाली बसायची, नाडी बांधायची आणि खांबाला धरून उठायची, आणि हे महाशय वरून म्हणायचे, "घट झाली. सैल कर."

मुलगी मेघा कोल्हापूरला असते. ती आली, बापाचा पाय उलगडून बघितला आणि तिथेच रडायला लागली. "बाबा, असंच राहिलं तर पाय कापतील." तिनं सगळी चौकशी करून ठेवली होती. वजन आणि साखर, दोन्हीवर पोटाची एक शस्त्रक्रिया असते. गोव्याला एका इस्पितळात करतात.

"पोटाची?" दाजी म्हणाले. "माझा पोट काय वायट आसा? बाकीचा बिघाडला. पोट एकदम टॉप कंडिशनीत आसा."

पण पाय कापण्याची भीती त्यांना आतून बसलेली होती. आठवड्याभरात कबूल झाले. माझ्या व्हॅनची पुढची सीट पार मागे सरकवली की ते तेवढे मावत, म्हणून त्यांना गोव्याला घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. मागे मेघा आणि वयनी.

डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई निघाली. बाह्या दुमडलेल्या, आवाज शांत. तिला बघताच दाजींचा चेहरा वाकडा झाला. कचेरीत किंवा इस्पितळात शिरले की ते मालवणी उंबऱ्याबाहेर ठेवत, तशी ठेवली आणि म्हणाले, "तुमच्याकडे कोणकोणते प्रकार आहेत ते आधी दाखवा. मग मी ठरवतो." मालवणच्या बंदरावर लिलावाला उभे राहून सुरमईचे कल्ले उघडून बघायचे, तोच आविर्भाव.

बाई चिडली नाही. कागद घेतला, जठर काढलं. "पहिला प्रकार खरं तर बायपास नव्हेच," ती म्हणाली. "त्याला स्लीव्ह म्हणतात. जठराचा मोठा भाग कापून कायमचा काढून टाकतो. उरते ती केळ्याएवढी नळी. आतड्याला हात लावत नाही. अन्नाची वाट तीच राहते, जागा कमी होते."

"काढलेलं परत लावता येतं?"

"नाही."

"मग ते राहू दे."

"दुसरा हा मूळचा बायपास. ह्याला रू-एन-वाय म्हणतात. जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी वेगळी करतो. बाकीचं जठर आतच राहतं, पण अन्न तिकडे जात नाही. लहान आतडं खालून वर आणून त्या छोट्या पिशवीला जोडतो. आणि जुन्या जठरातले रस येतात तो फाटा पुढे खाली आतड्याला जोडतो. असे दोन जोड. आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो."

वयनीला ते कळेना. मी तिच्या कानात सांगितलं, "हायवे गावाभायरसून काढलो की गाव थंयच रवता. फक्त गाडये गावात जानत नाय. तसा." तिनं मान हलवली. तिला पटकन कळलं. ओव्हरसियर अजून कागदाकडे बघत होते.

"तिसरा, मिनी बायपास. ह्यात पिशवी लांबट करतो आणि आतड्याचा एक वेढा उचलून तिला जोडतो. एकच जोड, म्हणून शस्त्रक्रिया लवकर उरकते. पण काही जणांना त्यात पित्त वर चढायचा त्रास होतो."

"मिनी नको," दाजी म्हणाले. "मिनी म्हणजे मिनीबस. टपावर माणसं बसवायची. सगळ्यात मोठा कुठला?"

"आणखी एक आहे. त्यात आतड्याचा बराच मोठा भाग वगळतात. वजन खूप उतरतं, पण अंगाला पोषणही फार कमी मिळतं. तो क्वचित करतात, आणि तुमच्यासाठी नाही."

"तोच करा."

तिनं पेन खाली ठेवलं. "काका, हे आपण कुठल्या माणसाला कुठला सोसेल त्यावर ठरवतो. तुम्ही आंबट पाण्यामुळे खुर्चीत झोपता. स्लीव्ह केली तर तो त्रास वाढू शकतो. मिनीत पित्ताची भीती. साखर एवढी. तुम्हाला दुसरा प्रकार बरा. आणि एक नीट ऐका. हा केला की जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम ह्यांच्या गोळ्या जन्मभर. कारण ज्या वाटेवर अंग हे शोषून घेतं, ती वाटच आपण चुकवतोय. घास लहान, भरपूर चावायचा. गोड जवळजवळ बंद, नाहीतर घाम सुटून छाती धडधडते. आणि उलट्या होत राहिल्या तर घरी बसायचं नाही, मला फोन करायचा."

मेघानं सगळं ऐकून घेतलं. वयनीनं तर ओठ हलवत पाठ केलं. दाजी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. व्हॅनमध्ये बसता बसता म्हणाले, "ह्या चेडू माझा पोट कापतला! मोठो खंयचो ता सांगूकसुद्धा भियाता." बांद्याच्या अलीकडे गाडी थांबवायला लावली आणि हॉटेलात शिरून बटाटेवडे मागवले.

"अवो, नको खाव," वयनी म्हणाली. "तेंनी सांगितल्यानी मा, ऑपरेशनच्या आधी वजन उतराक व्हया."

"मगे पुढे खावक गावाचा नाय, म्हणानच खातंय," दाजी म्हणाले. वडे संपवून हॉटेलवाल्याला ऐकवलं, की तेल मागच्या शिमग्याचं आहे काय.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. पोटावर बारीक बारीक छिद्रं पाडून, दुर्बिणीनं. त्या बाईच्या हाताला खरंच यश होतं. थोड्याच दिवसांत साखर खाली आली, अंगठ्याची जखम भरू लागली, आणि माणूस वर्षानुवर्षांनी प्रथमच बिछान्यावर आडवा होऊन झोपला. वयनीनं मला हे सांगताना पदरानं डोळे पुसले. "टीचर, झोपलेल्याक बघूक बरा वाटता. तोंड बंद आसता."

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी समोरचे लोक बघायला आले. कोणीतरी विचारलं, "काय झालेला, दाजी?"

"बायपास," दाजी म्हणाले.

ऐकणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला. आमच्याकडे बायपास म्हटलं की हृदयाची, दुसरी कोणाला ठाऊकच नाही. दाजींनी तो छातीवर गेलेला हात पाहिला. मी पण पाहिला. दुरुस्त करायला एक शब्द पुरला असता. दाजींनी तो उच्चारला नाही. उलट डोळे मिटून, क्षीण आवाजात म्हणाले, "तीन ब्लॉक होते."

त्यानंतर ती कथा रोज वाढत गेली. ब्लॉकचे चार झाले. डॉक्टर पुरुष झाला आणि मुंबईहून मुद्दाम आला. लोक चपला बाहेर काढून, हळू आवाजात बोलायला लागले. हृदय फाडून घेतलेला माणूस म्हणजे मोठा माणूस; पोट कापून घेतलेला म्हणजे खादाड. दाजींना खादाड म्हणवून घ्यायचं नव्हतं. नुसतं खायचं होतं.

वयनीला त्यांनी देवीची शपथ घातली. मला गडग्यावरून म्हणाले, "तुमका शपथ घालून काय उपयोग नाय, तुमचो देव वेगळो. पण तोंड बंद ठेवा." मी म्हटलं, तुमच्या पोटाबद्दल बोलायला मला कसली हौस? आणि ते खरंच होतं. त्या वेळी मला ते सगळं फक्त केविलवाणं वाटत होतं. त्यात कोणाचा जीव अडकेल असं डोक्यात आलं नाही.

दाजी वाळू लागले. शर्ट लोंबले, नवे शिवले, ते पण लोंबले. आणि अंगातली चरबी जसजशी गेली तसतसा उरलेला दाजी अधिकच दाजी झाला. आता त्यांना जाडी माणसं सहन होईनात. बाजारात गल्ल्यावर बसलेल्या औषधवाल्याच्या बायकोला म्हणाले, "टेबल मोठा करून घेवचा लागताला." एसटीत शेजारी कोणी आडवा माणूस बसला की उठून उभे राहायचे, तेही सगळ्यांना दिसेल असे. एकदा पडवीत बसून, मला ऐकू जाईल अशा बेतानं, बायकोला म्हणाले, "अगो, जरा कमी खा. माझ्याकडे बघ. मनाचो निर्धार व्हयो." मनाचा निर्धार! जो टाके घालून आत शिवून घेतला होता.

जेवण मात्र पूर्वीसारखंच रांधायला लावायचे. दोन माशांचे प्रकार, भाजी, वरण, कढी, सगळं ताट भरून पुढे. "ताटाक शोभा व्हयी." त्या ताटातला एक घास तोंडात, दोन चमचे पोटात, आणि ताटभर शेरे. वयनी गुडघे धरत रांधायची आणि मग ते सगळं अन्न बघत बसायची.

मसुऱ्याला दाजींच्या भाच्याचं लग्न होतं, मी पण गेले होते. पंगतीत दाजींच्या पानात जिलबी पडली. समोर व्याही बसलेले, त्यांच्यासमोर नाही कसं म्हणणार? जिलब्या खाल्ल्या, वर मठ्ठा ओतला. अर्ध्या तासात घामानं अंग थबथबलं, छाती धडधडू लागली, हातपाय कापायला लागले. मांडवामागे चटईवर निजवलं. "हार्टाचो पेशंट आसा, वारो घाला!" असा ओरडा झाला. गोड सरळ आतड्यात उतरलं की हेच होतं, आणि त्या डॉक्टरबाईनं ते सांगून ठेवलेलं. पण दाजी डोळे मिटून पडून राहिले आणि अर्ध्या गावाकडून वारा घालून घेतला. मला खात्री आहे, त्यांना ते बरं वाटत होतं.

मात्र त्या दिवसानंतर उलट्या सुरू झाल्या. घाईघाईनं गिळायची सवय जाईना. घास अडकायचा आणि उलटून यायचा. रोज, मग दिवसातून दोनदा-तीनदा. आणि तो दोष कोणाचा? "तुझ्या जेवणात काय्यतरी आसा." वयनी म्हणाली, गोव्याला फोन करूया. "त्या चेडवाक? तेका काय कळता?" गोळ्या त्यांनी कधीच सोडल्या होत्या. तब्येत ठणठणीत असलेला माणूस गोळ्या घेत नाही, असं त्यांचं मत. मेघानं फोनवर विचारलं की "घेतंय, घेतंय" म्हणायचे.

आठवडे गेले. मग त्यांची चाल बदलली. पाय फाकून, दारू प्यायल्यासारखे चालायला लागले. एके दिवशी गडग्याला धरून उभे होते. मला म्हणाले, "टीचर, माका दोन सुमती दिसतत. एक कमी होती काय?" मी हसले नाही. डोळे वेगळेच दिसत होते, एका जागी ठरत नव्हते. मी वयनीला हाक मारली आणि म्हटलं, आजच्या आज डॉक्टरकडे. दाजींनी आम्हा दोघींनाही झिडकारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीपाशी पडले. उठवलं तेव्हा बोलणं असंबद्ध. मला मोरीचा कंत्राटदार समजून रागावत होते.

गोव्यापर्यंत जाण्यात अर्थ नव्हता. तालुक्याच्या इस्पितळात नेलं. फाटकातून आत गाडी लावून मी येते तोवर दाजी खाटेवर, भोवती नेहमीप्रमाणे गाव जमलेलं. आमच्या मागोमाग रिक्षा आणि मोटारसायकली आल्या होत्या. तरुण डॉक्टर विचारत होता, आधीचा आजार? चारजण एकदम म्हणाले, "बायपास झालीय डॉक्टर, बायपास!"

डॉक्टरनं शर्टाची बटणं सोडून ईसीजी काढायला लावला, कागद बघितला, पुन्हा बघितला. मग उघडी छाती नीट न्याहाळली. छाती कोरी. एक ओरखडा नाही. "टाके कुठे आहेत?" तो म्हणाला.

आणि हा माणूस! शुद्ध अर्धी, डोळे भिरभिरतायत, स्वतःच्या बायकोचं नाव आठवत नाही. पण हे आठवलं. "दुर्बिणीतून," दाजी पुटपुटले. "हृदयाची... दुर्बिणीतून."

डॉक्टर बावरला. त्यानं परिचारिकेला ग्लुकोजची बाटली लावायला सांगितली. वयनी भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ हलत होते. देवीचं नाव घेत होती की आणखी काही, कळलं नाही. मी गर्दीतून वाट काढत पुढे सरकत होते, तोंड उघडणार होते. पण मला उघडावं लागलं नाही.

"डॉक्टरांनू!" तो आवाज वयनीचा आहे हे मला क्षणभर कळलंच नाही. इतक्या वर्षांत तो मी गडग्यापलीकडून कधी चढलेला ऐकला नव्हता. "खोटा आसा ता! हृदयाची न्हय, पोटाची बायपास! खावन खावन फुगलो, म्हणान पोट कापून घेतल्यान. माका शपथ घातल्यान, कोणाक सांगा नको म्हणान. महिनोभर ओकता, गोळी एक खाणा नाय. तेच्या काळजाक काय्येक झाला नाय. काळीज आसता तर झाला आसता!"

कोणाचा तरी मोबाइल वाजला, तो त्यानं घाईनं बंद केला. गर्दीतला एकजण फिसकन हसला आणि वयनीनं अशी नजर टाकली की तो बाहेर निघून गेला. मग तिनं डॉक्टरला गोव्याच्या बाईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. अंड्याएवढी पिशवी, दोन जोड, गोळ्या, उलट्या. एक शब्द चुकला नाही.

डॉक्टरनं लगेच बाटली थांबवली. मी मेघाकडून नंबर घेऊन गोव्याला फोन लावून दिला. पलीकडून त्या बाईनं सांगितलं की आधी जीवनसत्त्वाचं अमुक इंजेक्शन शिरेतून द्या, साखर नंतर. उलटा क्रम झाला तर मेंदूला कायमची इजा होईल. औषध इस्पितळात होतं. दिलं. संध्याकाळपर्यंत डोळे ठरायला लागले. दुसऱ्या दिवशी दाजींनी बायकोला ओळखलं. पहिलं वाक्य काय बोलले म्हणता? "इतक्या मोठ्यान आरडाक व्हया होता?"

"व्हया होता," वयनी म्हणाली, आणि पाणी आणायला गेली.

दाजी वाचले. पायांतलं बळ मात्र पुरतं परतलं नाही, काठी आली. बाजारात काही दिवस लोक छातीवर हात ठेवून, मग तो सावकाश खाली पोटावर नेऊन हसायचे. माझ्यासारखीला वाटलं होतं, आता हा माणूस जरा खाली बघून चालेल. छे. कोणाकडे कुणाच्या बायपासची गोष्ट निघाली की दाजी काठी आपटून विचारू लागले, "खंयची? हृदयाची? ती काय, कोणाचीव होता!" आणि मग स्लीव्ह काय, मिनी काय, रू-एन-वाय काय, कुठली कोणाला सोसते, ह्यावर व्याख्यान. सगळं उलटसुलट. स्लीव्हमध्ये दोन जोड घालायचे आणि मिनीमध्ये जठर काढून टाकायचे. कसालातले निम्मे लोक आज ह्या विषयात दाजींमुळे अडाणी आहेत.

बदलली ती वयनी. आता ती दाजींपुढे एक वाटी ठेवायची, शेजारी त्यांच्या गोळ्या, आणि त्याच वेळी समोर स्वतःचं पूर्ण ताट वाढून जेवायला बसायची. एकदा मी काही द्यायला गेले तेव्हा दाजी वाटीकडे बघून म्हणत होते, "ह्या काय केलंस?" वयनी काटा काढता काढता म्हणाली, "नको तर ठेवा. मी खातंय." आणि वाटी खरंच आपल्याकडे ओढून घेतली. दाजींनी ती परत ओढली.

पुढे मेघाचं बाळंतपण आलं. वयनी कोल्हापूरला गेली. दाजींना पण बोलावलं होतं, पण जावयाच्या घरी महिनोन्‌महिने राहणं त्यांच्या मानाला सोसणारं नव्हतं. वयनीनं जाताना त्यांना पेज कशी करायची, मासा कसा उकडून कुस्करायचा ते सांगितलं. मी पडवीतून ऐकत होते. दाजी वर्तमानपत्र वाचत होते. ती गेली, आणि थोड्याच दिवसांत मेघाच्या नवऱ्याला येऊन त्यांना घेऊन जावं लागलं. घर बंद आहे. त्यानंतर मी दाजींना पाहिलेलं नाही.

ते जायच्या आदल्या सकाळी मी मागीलदारी कपडे वाळत घालत होते. गडग्यापलीकडे काठीचा आवाज आला. दाजी उभे होते, एका हातात काठी, दुसऱ्या हातात फडक्यानं धरलेला टोप. अंगावरची बंडी जळक्या वासाची. टोप त्यांनी गडग्यावर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला. आत पांढरा, घट्ट गोळा, कडेनं करपलेला.

"टीचर," ते म्हणाले, "पेज अशी कित्याक झाली?"

"पाणी कमी पडला, दाजी."

त्यांनी टोपात पाहिलं. भुवई वर गेली.

"माका वाटलाच," म्हणाले, आणि टोप उचलून मागं वळले.

मी हाक मारली, थांबा, आमच्याकडची नेवा. त्यांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं. स्वयंपाकघराच्या पायरीवर ते कष्टानं बसले. चमच्यानं त्या गोळ्याचा कणाएवढा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावू लागले. सावकाश. त्या डॉक्टरबाईनं सांगितलं होतं तसं, पुन्हा पुन्हा, गिळायच्या आधी कितीतरी वेळ. समोर कोणी नव्हतं. माझे कपडे वाळत घालून झाले, मी बालदी उचलली, तरी त्यांचा तो पहिलाच घास चालला होता.